मांजराचा मेंदू आणि मांजराची वाटी

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना मी जिथे भरकटलो, तिथे थोडं छाटलंय. सगळं नाही छाटलं, कारण भरकटलेलाच भाग जास्त मजेचा आहे असं तुमच्यातलेच लोक सांगतात.

कुठल्याही पेट शॉपमध्ये जा. मांजरांच्या खाण्याच्या रांगेत एक कोपरा म्हाताऱ्या मांजरांचा असतो. सात प्लस, अकरा प्लस. काही पाकिटांवर मेंदूचं चित्रसुद्धा असतं. ओमेगा-3, बी व्हिटॅमिन, अँटिऑक्सिडंट असे शब्द असतात आणि किंमत शेजारच्या पाकिटापेक्षा चांगलीच वर असते. माझा प्रश्न साधा होता. खाण्याने मांजराचा मेंदू खरंच टिकतो का, की हे नुसतं मार्केटिंग आहे? उत्तर शोधताना मी एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये गेलो, तिथून जपानमधल्या एका खाडीत, तिथून कॅलिफोर्नियात. आजचा भाग त्या प्रवासाचा आहे.

लंडनपासून सुरू करू. तिथल्या गल्ल्यांमधून एक माणूस हातगाडी किंवा टोपली घेऊन ओरडत फिरायचा. त्याला म्हणायचे 'कॅट्स मीट मॅन'. लंडनमध्ये तेव्हा लाखो घोडे गाड्या ओढत होते. ते म्हातारे झाले की खाटिकखान्यात जायचे, त्यांचं मांस उकडलं जायचं, आणि काड्यांना टोचून घरोघरी मांजरांसाठी विकलं जायचं. आपल्याकडे सकाळी दूधवाला येतो, तसा हा यायचा. हेन्री मेह्यू नावाच्या पत्रकाराने 1851 च्या आसपास लंडनच्या गरीब कष्टकऱ्यांवर जे प्रचंड लिखाण केलं, त्यात या धंद्याचंही वर्णन आहे. आता गंमत बघा. पोषणशास्त्र कोणालाच माहीत नव्हतं, पण मांजर मांस खात होतं आणि वर मोरीतले उंदीर पकडत होतं. म्हणजे त्याच्या मेंदूला लागणारं बहुतेक सगळं त्याला न मागता मिळत होतं.

मग 1860 च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा एक अमेरिकन माणूस लंडनमध्ये आला. त्याने कुत्र्यांसाठी गहू, भाज्या आणि मांस यांची बिस्किटं बनवली. तयार पाळीव-प्राणी खाण्याचा धंदा साधारण इथून सुरू झाला असं मानतात. याच कंपनीत चार्ल्स क्रफ्ट नावाचा एक पोरगा कामाला लागला. पुढे जगप्रसिद्ध झालेला 'क्रफ्ट्स' डॉग शो त्याचाच. 13 जुलै 1871 ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर या चित्रकाराने मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं. तोपर्यंत मांजर म्हणजे उंदीर मारायला ठेवलेला नोकर. या प्रदर्शनानंतर ते हळूहळू घरातलं लाडकं माणूस होऊ लागलं. म्हणजे, माणूस नाही, पण तुम्हाला कळलं.

या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वळण मात्र मला एका भलत्याच ठिकाणी सापडलं: मांजराच्या टॉयलेटमध्ये. 1947 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एडवर्ड लो नावाच्या माणसाने भाजलेल्या मातीचे दाणे मांजरांसाठी विकायला काढले. त्याआधी घरात राख नाहीतर वाळू ठेवायचे, नाहीतर मांजराला सरळ बाहेर सोडायचे. लिटर आल्यावर मांजर कायमचं घरात राहू शकलं. पण घरात राहिलेल्या मांजराला उंदीर मिळत नाही, चिमणी नाही, पालसुद्धा नाही. आता त्याच्या शरीरात जे जाणार ते फक्त माणसाने वाटीत टाकलेलं. वाटीत एखादी गोष्ट कमी असेल तर ती भरून काढायची दुसरी सोयच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकअप सर्व्हर बंद करून टाकला, आणि मुख्य सर्व्हरवर काय चाललंय हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

1950 च्या दशकाच्या शेवटी कोरडं दाणेदार खाणं आलं. मक्याचे फुगे जसे गरम, दाबाखालच्या मशीनमधून फुगून बाहेर येतात, तसंच हे यंत्र. स्वस्त, टिकाऊ, वास नाही. आणि भरपूर धान्य घालता येतं. इथेच मांजराचं शरीर आडवं आलं.

मांजर हा छोटा कुत्रा नाही, हे आधी डोक्यात बसवून घ्या. कुत्रा माणसाबरोबर राहून बऱ्यापैकी सर्वभक्षी झाला. मांजर मात्र आतून अजून वाळवंटातलं शिकारी जनावर आहे. लाखो वर्षं फक्त मांस खाल्ल्यामुळे त्याच्या शरीराने बरीच रासायनिक यंत्रं बंद करून टाकली आहेत. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनपासून आपण व्हिटॅमिन ए बनवतो, ते मांजराला जमत नाही. गोड चवसुद्धा त्याला कळत नाही. 2005 मध्ये फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी दाखवलं की गोड चव ओळखणाऱ्या रिसेप्टरचं एक जनुक मांजरात मोडलेलं आहे. तुमच्या मांजराने पेढा चाटला असेल तर तो खव्यातल्या फॅटसाठी.

मेंदूवर येऊ. मांजराचा आहार आणि मांजराचा मेंदू यांचा पहिला स्पष्ट संबंध माशांमुळे कळला. 1930 च्या दशकात अमेरिकेत मिनेसोटामध्ये चॅस्टेक नावाच्या माणसाच्या फार्मवर फरसाठी पाळलेल्या कोल्ह्यांना अचानक लकवा व्हायला लागला. कारण निघालं कच्चे मासे. काही माशांमध्ये थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते व्हिटॅमिन बी1 म्हणजे थायमिन तोडून टाकतं. 1944 मध्ये दोन संशोधकांनी मांजरांना कच्च्या माशांवर ठेवून हेच दाखवलं. मांजराची मान छातीकडे वाकते, चाल लटपटते, झटके येतात. थायमिन नसलं की मेंदूच्या पेशींना ग्लुकोज नीट जाळता येत नाही, आणि मांजराला थायमिन कुत्र्यापेक्षा बरंच जास्त लागतं. मासा शिजवला की ते एन्झाइम मरतं. आपल्या कोकणात मांजरांना माशांची डोकी-काटे टाकायची पद्धत आहे. कधीमधी टाकलं तर काही होत नाही. रोज फक्त कच्चा मासा आणि दुसरं काहीच नाही, असं असेल तर ही गोष्ट लक्षात ठेवा. आणि फक्त माशांपुरतं मर्यादित नाही हे. ऑस्ट्रेलियात मांस टिकवायला सल्फाइट घालायचे, तेही थायमिन नष्ट करतं, आणि तिथेही मांजरं अशीच आजारी पडली.

माशांवरून मिनामाताकडे जावंच लागतं. तसं बघितलं तर हा पोषणाचा इतिहास नाही, विषाचा आहे. पण मांजराच्या मेंदूच्या इतिहासात तो टाळणं मला जमणार नाही.

जपानच्या क्युशू बेटावर मिनामाता नावाचं गाव. 1950 च्या दशकात किनाऱ्यावरच्या वस्त्यांमधली मांजरं विचित्र वागायला लागली. लाळ गळायची, गोल गोल फिरायची, झटके येऊन उड्या मारायची, काही समुद्रात पडून मरायची. लोक त्याला 'नाचणाऱ्या मांजरांचा रोग' म्हणू लागले. मग माणसं आजारी पडली. हातापायाला मुंग्या, बोलणं अडखळणं, नजर अरुंद होणं. 1 मे 1956 ला तिथल्या चिस्सो नावाच्या रासायनिक कारखान्याच्या हॉस्पिटलचे प्रमुख डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी आरोग्य खात्याला कळवलं की मज्जासंस्थेचा एक अनोळखी रोग पसरतोय. माणसं आणि मांजरं यांच्यात एक गोष्ट सामायिक होती: दोघांच्या ताटात त्याच खाडीतले मासे.

होसोकावा कारखान्याचे पगारी डॉक्टर होते. तरी त्यांनी गुपचूप मांजरांवर प्रयोग सुरू केले. 1959 मध्ये त्यांनी कारखान्यातल्या ॲसिटाल्डिहाइड विभागाचं सांडपाणी एका मांजराच्या खाण्यावर टाकून रोज द्यायला सुरुवात केली. प्रयोगाच्या वहीत त्या मांजराचा नंबर होता 400. ऑक्टोबरमध्ये 400 नंबरला झटके आले, ते गोल फिरायला लागलं. म्हणजे कारण कारखान्यातच होतं. कंपनीने हा निष्कर्ष दाबला आणि पुढचे प्रयोग थांबवले. ते सांडपाणी 1968 पर्यंत पाण्यात जात राहिलं. होसोकावांनी 1970 मध्ये मरणशय्येवरून साक्ष दिली, आणि त्याच वर्षी ते गेले. सांडपाण्यातला पारा माशांमध्ये साठून मेथिलमर्क्युरीच्या रूपात मेंदूपर्यंत पोचत होता.

हे वाचताना माझा हात थांबला होता खरं. त्या गावातल्या मांजरांनी बग रिपोर्ट कित्येक वर्षं आधी दिला होता. तो वाचायला कोणी बसलं नव्हतं, आणि ज्याने वाचला त्याला बोलू दिलं नाही.

आता सत्तरच्या दशकात. हा काळ मांजर-पोषणाचा सुवर्णकाळ आहे, आणि त्याची किंमतही मांजरांनीच मोजली. प्रयोगशाळांमध्ये तेव्हा मांजरांना ठराविक शुद्ध केलेला आहार द्यायचे. प्रथिन म्हणून केसीन, म्हणजे दुधातलं प्रथिन. लंडनमध्ये पॅट्रिशिया स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना साठच्या दशकातच दिसलं होतं की अशा आहारावर मांजरांचा डोळ्यातला पडदा खराब होतो. पण नक्की काय कमी पडतंय ते कळत नव्हतं. 1975 मध्ये अमेरिकेत के. सी. हेज आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' मध्ये उत्तर छापलं: टॉरिन.

टॉरिन काही नवीन नव्हतं. 1827 मध्ये दोन जर्मन शास्त्रज्ञांनी, टीडमन आणि ग्मेलिन यांनी, ते बैलाच्या पित्तात शोधलं होतं, म्हणून बैलाच्या लॅटिन नावावरून टॉरिन. जवळजवळ दीडशे वर्षं ते पित्तातलं एक किरकोळ रसायन समजलं जात होतं. माणूस आणि कुत्रा ते इतर अमिनो आम्लांपासून बऱ्यापैकी बनवतात. मांजराचं हे यंत्र फार कमजोर आहे. त्यात भर म्हणजे मांजर पित्त बनवताना फक्त टॉरिनच वापरतं, आपल्यासारखं ग्लायसिनवर भागवत नाही. म्हणजे उत्पन्न कमी, खर्च सक्तीचा. उंदराच्या मांसात, हृदयात, मेंदूत टॉरिन भरपूर असतं. दुधात अगदी थोडं, आणि पोळीत नाहीच. म्हणून मला सगळ्यात जास्त विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच देऊन टाकतो. शाकाहारी घरात मांजर दूध-पोळीवर वर्षानुवर्षं जगलं, असं आपण सगळ्यांनी ऐकलंय. ते मांजर बाहेर जाऊन शिकार करत होतं. सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधलं मांजर दूध-पोळीवर ठेवलं, तर नुकसान आधी दिसत नाही आणि दिसतं तेव्हा डोळ्याच्या पडद्याचं गेलेलं परत येत नाही. शिवाय मोठ्या मांजराला दूध पचतच नाही बऱ्याचदा. मांजर डोळे मिटून दूध पितं हे खरं, पण पोट बिघडल्यावर लिटर बॉक्स आपल्याला डोळे उघडे ठेवूनच साफ करावा लागतो.

डोळ्याचा पडदा हा मेंदूचाच पुढे आलेला भाग असतो. प्रत्यक्ष मेंदूवरचं काम ऐंशीच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जॉन स्टर्मन यांनी केलं. गाभण मांजरींना टॉरिन कमी मिळालं तर पिल्लं मेलेली जन्मायची किंवा जगली तरी त्यांच्या छोट्या मेंदूची, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या भागाची, रचना बिघडलेली असायची. पेशी जिथून जिथे सरकायला हव्यात तिथे वेळेत पोचलेल्याच नसायच्या. माणसांच्या बाळांच्या पावडरच्या दुधात टॉरिन घालायला सुरुवात झाली तीही याच दशकात. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लहानपणी प्यायलेल्या डब्यामागे कुठेतरी ही मांजरं आहेत.

1975 हे वर्ष आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवा. त्याच वर्षी लंडनमध्ये रिव्हर्स, सिंक्लेअर आणि क्रॉफर्ड यांनी 'नेचर' मध्ये दाखवलं की मांजराला वनस्पती तेलातल्या फॅटी ॲसिडचं लांब साखळीच्या फॅटी ॲसिडमध्ये रूपांतर करता येत नाही, किंवा फारच कमी येतं. अरॅकिडॉनिक ॲसिड आणि डीएचए ही ती लांब साखळीवाली मंडळी. मेंदूच्या पेशींची भिंत यांच्यावर उभी असते. आपण ओमेगा-3 साठी जवसाची चटणी खातो, शरीर त्यातलं थोडंफार डीएचएमध्ये बदलतं. मांजराच्या खाण्यात जवस घालून हे होत नाही. त्याला डीएचए तयारच द्यावं लागतं, म्हणजे मासे नाहीतर माशाचं तेल. पाकिटावर 'ओमेगा-3' लिहिलं असेल तर मागे उलटून बघा की ते कशातून आलंय. जवस असेल तर ते मांजरासाठी नाही, तुमच्या समाधानासाठी आहे.

माझा सगळ्यात आवडता प्रयोग मात्र 1978 चा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत जेम्स मॉरिस आणि क्विंटन रॉजर्स हे दोघं मांजराच्या अमिनो आम्लांवर काम करत होते. त्यांनी रात्रभर उपाशी मांजरांना एकच जेवण असं दिलं ज्यात आर्जिनिन नावाचं एक अमिनो आम्ल नव्हतं. बाकी सगळं होतं. काही तासांत मांजरं ओकायला लागली, ओरडायला लागली, तोल गेला, आणि एक मेलंसुद्धा. एका जेवणात! प्रथिनं पचताना अमोनिया तयार होतो. यकृत त्याचं युरियात रूपांतर करतं आणि त्या चक्राला आर्जिनिन लागतं. उंदीर, कुत्रा, माणूस उपाशी असताना हे चक्र मंद करतात किंवा आर्जिनिन आतून बनवतात. मांजर चक्र मंदही करत नाही आणि आर्जिनिन पुरेसं बनवतही नाही. अमोनिया रक्तात चढतो आणि थेट मेंदूवर जातो. हजारो पिढ्या रोज मांस मिळालेल्या प्राण्याला आर्जिनिनशिवाय जेवण म्हणजे काय हे माहीतच नव्हतं, त्यामुळे त्याच्यासाठी शरीरात काही सोयच ठेवलेली नाही. घाबरू नका, कुठल्याही साध्या मांसात आर्जिनिन असतं. पण हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आता 1987. पुन्हा डेव्हिस. पॉल पायन नावाचा तरुण पशुवैद्य हृदयरोगावर शिकत होता. मांजरांमध्ये तेव्हा हृदय फुगून कमजोर होण्याचा रोग नेहमी दिसायचा, आणि ती मांजरं बहुतेक मरायची. पायनच्या लक्षात आलं की अशा एका मांजराच्या डोळ्याच्या पडद्यावर टॉरिनच्या कमतरतेचे डाग आहेत. रक्त तपासलं, टॉरिन तळाला. टॉरिन दिलं आणि हृदय सुधारायला लागलं. ऑगस्ट 1987 मध्ये 'सायन्स' मध्ये हे छापून आलं. धक्का असा होता की ही मांजरं दूध-पोळीवर नव्हती. ती नावाजलेल्या, कागदावर टॉरिन पुरेसं असलेल्या तयार खाण्यावर होती. डबाबंद खाणं उच्च तापमानाला शिजवताना जी रासायनिक उत्पादनं तयार होतात, त्यांच्यामुळे आतड्यातले जिवाणू जास्त टॉरिन खाऊन टाकतात, हे पुढे कळलं. म्हणून आज अमेरिकेच्या निकषात कोरड्या खाण्यात किमान 0.1 टक्के टॉरिन लागतं, तर डबाबंद खाण्यात 0.2 टक्के, दोन्ही कोरड्या वजनावर. कंपन्यांनी टॉरिन वाढवलं आणि तो हृदयरोग बघता बघता दुर्मीळ झाला.

इथे एक फाटा. 1932 ते 1942 या दरम्यान कॅलिफोर्नियातच फ्रान्सिस पॉटेंजर नावाच्या डॉक्टरने सुमारे 900 मांजरांवर प्रयोग केला होता. कच्चं मांस खाणारी निरोगी, शिजवलेलं खाणारी पिढ्यान्पिढ्या खराब. कच्च्या खाण्याचे पुरस्कर्ते इंटरनेटवर अजूनही हे दाखवतात. टॉरिनचा इतिहास समजला की त्या निकालांचं बरंचसं गूढ उरत नाही. शिजवताना जे कमी झालं ते परत घाला, मग मांस शिजवलेलं असलं तरी चालतं. मी स्वतः कच्च्या चिकनच्या विरोधात आहे, आपल्या बाजारात तर नक्कीच.

आतापर्यंतची सगळी गोष्ट कमतरतेची आहे. काहीतरी काढून घेतलं, मांजर आंधळं झालं, मग परत घातलं. या यशामुळेच नवा प्रश्न आला. मांजरं आता वाटीतल्या कमतरतेने मरत नव्हती. लसी होत्या, नसबंदी होती, फ्लॅटच्या आत गाड्यांपासून सुरक्षित होती. ती पंधरा-सोळा-अठरा वर्षं जगू लागली. आणि त्यांच्या मालकांना दिसायला लागलं की मांजर रात्री दोन वाजता हॉलच्या मधोमध उभं राहून मोठ्याने, वेगळ्याच आवाजात ओरडतंय. भिंतीकडे बघत बसतंय. लिटर बॉक्स कुठे आहे ते विसरतंय. नुकतंच खाल्लं असताना पुन्हा वाटीपाशी येऊन मागतंय.

पूर्वी याला नाव नव्हतं. म्हातारपण म्हणून सोडून द्यायचे. 2006 मध्ये एडिनबरा विद्यापीठातल्या डॅनिएल गन-मूर आणि सहकाऱ्यांनी म्हाताऱ्या मांजरांच्या मेंदूत बीटा-अमायलॉइड आणि बदललेला टाऊ, म्हणजे माणसाच्या अल्झायमरमध्ये दिसणारी दोन्ही प्रथिनं, दाखवली. 2015 मध्ये टोकियोच्या संशोधकांना म्हाताऱ्या मांजरांच्या मेंदूत टाऊच्या गुंत्यांबरोबर हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी कमी झालेल्याही दिसल्या. कुत्र्यांमध्ये अमायलॉइड साठतं, पण असे गुंते सहसा होत नाहीत. म्हणजे या एका बाबतीत मांजर कुत्र्यापेक्षा माणसाच्या जवळ निघालं. आणि 2025 मध्ये एडिनबरामधूनच 25 मांजरांच्या मेंदूंचा अभ्यास आला. अमायलॉइड पेशींच्या जोडांमध्ये, सायनॅप्समध्ये साठतं, आणि मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशी तेच जोड गिळतात, असं त्यात दिसलं. अल्झायमरचं औषध शोधणारे लोक आता मांजरांकडे गंभीरपणे बघतायत.

मग खाण्याचं काय? 2013 मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन' मध्ये एक अभ्यास आला. मधल्या आणि उतारवयातल्या मांजरांना माशाचं तेल, बी व्हिटॅमिन, अँटिऑक्सिडंट आणि आर्जिनिन यांचं मिश्रण दिलं. हो, तेच 1978 चं आर्जिनिन. त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनतं आणि ते रक्तवाहिन्या सैल करतं, म्हणून मेंदूच्या रक्तपुरवठ्यासाठी ते घातलं. मग मांजरांच्या परीक्षा घेतल्या: कुठल्या वस्तूखाली खाऊ आहे ते शिकायचं, मग नियम उलटा केला की नव्याने शिकायचं, जागा लक्षात ठेवायची. चारपैकी तीन परीक्षांमध्ये मिश्रणवाली मांजरं पुढे होती. 2007 मध्ये आणखी एक मोठा अभ्यास येऊन गेला होता. 7 ते 17 वर्षांच्या 90 मांजरांपैकी ज्यांना अँटिऑक्सिडंट, फॅटी ॲसिड आणि चिकोरी मुळाचा चारा असलेलं खाणं मिळालं, ती साध्या खाण्यावरच्या मांजरांपेक्षा जास्त जगली.

दोन्ही अभ्यास खाणं बनवणाऱ्या कंपनीचे आहेत. म्हणून खोटे ठरत नाहीत, पण वाचताना ते विसरायचं नाही. दुसरं, 2013 ची मांजरं निरोगी होती. मेंदू आधीच बिघडलेल्या मांजराला या खाण्याने पूर्ववत करता येतं असं त्यात कुठेही नाही. पाकिटावरच्या मेंदूच्या चित्रातून मात्र नेमकं तेच सुचवलेलं असतं. माझं मत असं की हे खाणं सुरू करायचं तर सात-आठ वर्षांच्या आसपास. पंधराव्या वर्षी रात्रीचं ओरडणं सुरू झाल्यावर नव्हे.

आणि ओरडणं सुरू झालं की आधी डॉक्टर, मग पाकीट. माझ्या आईकडे पंधरा वर्षांची मांजर आहे. ती गेल्या पावसाळ्यात रात्री ओरडायला लागली, तर सगळे शेजारी म्हणाले, म्हातारचळ. पशुवैद्याने तपासलं, तर ब्लड प्रेशर भलतंच वाढलेलं. गोळी सुरू झाली आणि पंधरा दिवसांत रात्री शांत झाल्या. म्हाताऱ्या मांजरांमध्ये थायरॉइड वाढण्याचा रोगही असाच दिसतो. तो 1979 मध्ये न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा नीट वर्णिला गेला, म्हणजे आपल्या आईवडिलांच्या लहानपणी डॉक्टरांनाही तो माहीत नव्हता. किडनी, सांधेदुखी, कमी झालेलं ऐकू येणं, सगळ्यामुळे मांजर ओरडतं. हे सगळं तपासून झाल्यावर जे उरतं त्याला मेंदूचं म्हणायचं.

आता थोडं व्यवहाराचं. बऱ्याच म्हाताऱ्या मांजरांची चरबी आणि प्रथिनं पचवायची ताकद कमी होते, ती बारीक होतात. त्यामुळे 'वय झालंय, हलकं खाऊ द्या' हा सल्ला मांजराला लावू नका. किडनीचा आजार निघाला असेल तरच प्रथिनांचा विचार डॉक्टरशी बोलून करा. वाटीत काय आहे यापेक्षा मांजर ते खातंय का हे आधी बघा. सगळ्यात भारी खाणं न खाल्लेलं असेल तर त्याचा उपयोग शून्य.

खोबरेल तेलाचंही विचारतात. म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये मध्यम साखळीच्या फॅट्सनी मेंदूला मदत झाल्याचे अभ्यास आहेत आणि खोबरेलात या फॅट्सचा वाटा मोठा असतो, म्हणून ही कल्पना पसरली. मांजरांच्या बाबतीत याच डेव्हिसच्या टीमने 1985 मध्ये दाखवलं होतं की त्यांना या फॅट्सची चवच नकोशी वाटते. तुम्ही वाटीत चमचाभर घातलं, तर बहुतेक मांजर वाटीच सोडून जाईल.

खरा धोका गोळ्यांचा आहे. कुत्र्यांच्या आणि माणसांच्या मेंदूच्या काही सप्लिमेंटमध्ये अल्फा-लिपोइक ॲसिड असतं. 2004 च्या एका अभ्यासात हे मांजरांना माणूस, कुत्रा किंवा उंदराच्या तुलनेत दहापट विषारी निघालं. यकृत आणि मज्जासंस्था, दोन्हींवर परिणाम. म्हणजे आजोबांची किंवा घरातल्या लॅब्राडॉरची मेंदूची गोळी अर्धी करून मांजराला देणं हा प्रेमळ दिसणारा विषप्रयोग आहे. ऑनलाइन मागवलेल्या बाटलीवर 'डॉग्ज अँड कॅट्स' असं दोन्ही लिहिलं असेल, तरी मागचं लेबल पूर्ण वाचा. हे नाव दिसलं तर बाटली परत करा, आणि मांजराने आधीच खाल्लं असेल तर लगेच पशुवैद्याकडे जा, बाटली सोबत घेऊन.